वीज गेली ती चार मिनिटं: उघड्या मैदानावरच्या एका रॉक कार्यक्रमाचं प्रकरण

उघड्या मैदानावर रॉक बँड ऐकून आलेल्या माणसाला कार्यक्रम कसा झाला असं विचारलं, तर बहुतेक वेळा एका शब्दात उत्तर येतं. ‘जबरदस्त’ किंवा ‘ठीक’. का जबरदस्त आणि का ठीक, ते नीट सांगता येत नाही. माझंही बरीच वर्षं असंच होत असे. तरुणपणी मी सात-आठ वर्षं एका हौशी बँडमध्ये ड्रम वाजवले, नंतर निव्वळ ऐकणारी झाले, आणि उघड्यावरचे कितीतरी कार्यक्रम पाहिले. काही अंगात भिनले, काही अंगावरून वाहून गेले.

या संध्याकाळी मात्र एकाच कार्यक्रमात मी एक बँड पडताना पाहिला आणि उठताना पाहिला. मध्ये चार मिनिटं वीज गेली, त्यामुळे तो कशाच्या बळावर उठला तेही डोळ्यांसमोर आलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. उघड्यावर बँडचा जोर आवाजाच्या पातळीवर ठरत नाही, तो आवाज परत येतो की नाही यावर ठरतो. सभागृहात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात. मैदानावर गेलेला आवाज गेलाच. तिथे तो परत पाठवायला फक्त माणसं असतात, आणि त्यांना त्यासाठी उभं करणं हे बँडचं काम असतं.

मैदान आणि माणसं

मंच खाली, समोर चढत जाणारं गवताचं मैदान. चौघांचा बँड: गायिका, गिटार, बेस आणि ड्रम. मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या लांब माळा टांगलेल्या, खाली जमिनीवर सबवूफरची, म्हणजे खोल आवाजाच्या मोठ्या स्पीकरची, रांग, मग बॅरिकेड. बॅरिकेड आणि मंच यांच्यात पाच-सहा मीटरची मोकळी पट्टी आणि तिच्यातून पुढे आलेला छोटा रॅम्प. मैदानाच्या मध्यावर साउंड इंजिनिअरचा तंबू, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक डिले टॉवर.

डिले टॉवरचं काम थोडक्यात सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. आवाज हवेतून २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन मिलिसेकंद. मागच्या लोकांसाठी मध्येच स्पीकर लावले आणि त्यांना मंचाबरोबर एकाच क्षणी आवाज दिला, तर मागच्याला आधी जवळचा स्पीकर ऐकू येतो आणि नंतर मंच. प्रत्येक ठोका दुहेरी होतो. म्हणून टॉवरचा आवाज मोजून उशिरा सोडतात. मंचाचा आवाज चालत येतो, टॉवर त्याची वाट पाहतो आणि मग दोघं बरोबर पुढे जातात.

माझ्याबरोबर भाचा होता, सोळा वर्षांचा, पहिलाच मोठा कार्यक्रम. त्याच्या कानांत इअरप्लग घालायला लावूनच मी त्याला आत नेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी आवाजाची मर्यादा सांगितली आहे: कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत. ती मर्यादा पाळली गेली तरी दोन तास उभं राहणाऱ्या कोवळ्या कानांना बोळे हवेतच. त्याने कुरकुर केली, पण घातले. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

पहिली पंचवीस मिनिटं

सूर्य मावळायचा होता. बँड धावत आला आणि सलग तीन वेगवान गाणी वाजवली, मध्ये एक शब्दही नाही. चौघं घामाघूम, गायिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतेय, ड्रमरचे हात दिसत नव्हते इतके फिरत होते. मैदान मात्र स्वस्थ. पुढच्या चार-पाच रांगा उड्या मारत होत्या, बाकीचे हात बांधून, माना हलवत, मोबाइल वर धरून उभे.

आम्ही तेव्हा डाव्या अंगाला, बॅरिकेडपासून दहा-बारा मीटरवर होतो. तिथे सबवूफरचा दणका छातीत बसत होता, पण गायिकेचा शब्द कळत नव्हता, कारण टांगलेली माळ आमच्या डोक्यावरून लांबच्या लोकांकडे तोंड करून होती. गाण्यांमधल्या विरामांनी मला सगळ्यात अस्वस्थ केलं. या बँडची रचनाच अशी की रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, चालू असताना चौघं एकदम थांबतात, एक मात्रा रिकामी जाते आणि पुन्हा सगळे एकत्र कोसळतात. सभागृहात त्या रिकाम्या मात्रेत खोलीचा गुंजारव भरलेला असतो, लोकांची आरोळी छतावरून परत येते आणि विरामच गाण्याचा सगळ्यात तापलेला क्षण होतो. इथे विराम आला की खरोखरच काही नव्हतं. वारा, लांब कुणाचं तरी बोलणं, आणि मग पुन्हा गिटार.

ही बँडची चूक होती असं मी स्पष्ट म्हणेन. सभागृहात चालणारी गाण्यांची यादी त्यांनी जशीच्या तशी मैदानावर आणली. मेहनत कमी पडत नव्हती, उलट मिळत काही नाही म्हणून ते आणखी जोर लावत होते. अशा वेळी ड्रमर हळूहळू पुढे धावू लागतो, तेही दिसत होतं. तिसरं गाणं जिथे सुरू झालं त्यापेक्षा बऱ्याच वरच्या लयीत संपलं.

दिवसाउजेडी मैदान पेटत नाही हे कारण मला पटत नाही. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीन हा बँड लख्ख उजेडात मंचावर आला आणि सुमारे एकवीस मिनिटं वाजवलं. दिव्यांचा खेळ जवळजवळ नाही, समोर ७० हजारांच्या आसपास माणसं. त्यांच्या गायकाने, फ्रेडी मर्क्युरीने, मध्येच वाद्यं थांबवून नुसते आवाज काढले आणि स्टेडियमकडून ते जसेच्या तसे परत घेतले. एका गाण्यात हात डोक्यावर नेऊन वाजवलेल्या दोन टाळ्यांनी अख्खं स्टेडियम एका वेळी हललं. त्या हातांचं महत्त्व मला या प्रकरणात नव्याने कळलं, त्याकडे येतेच.

चौथं गाणं

तिसरं गाणं संपल्यावर गायिका थांबली, पाणी प्यायली, गिटारवाल्याच्या कानात काही बोलली आणि रॅम्पवरून उतरून थेट बॅरिकेडपाशी आली. तिने कानातला एक इअर मॉनिटर काढून खांद्यावर सोडला. साधीच कृती, पण मी ती पाहून भाच्याला म्हटलं, “आता बघ.”

मंचावरच्या कलाकारांच्या दोन्ही कानांत मॉनिटर असतात. त्यातून त्यांना स्वतःचा आवाज आणि ताल स्वच्छ मिळतो, पण बाहेरचं जग बंद होतं. लोकांचा आवाज पोचावा म्हणून मंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून माइक लावायची पद्धत आहे, तरी ते काचेआडून ऐकल्यासारखंच. त्यामानाने आधीच्या पिढ्यांचे हाल फार होते. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स वाजवत होते तेव्हा मॉनिटर नव्हतेच. ५५ हजारांवर लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना आपलं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं. तिथे लोकांचा आवाज अति होता, इथे तो येतच नव्हता. या गायिकेने कान उघडून आधी तो येतो का, ते पाहिलं.

तिने गाण्याची पहिली ओळ वाद्यांशिवाय, पुढच्या रांगेतल्या एका मुलीकडे बघत म्हटली आणि माइक तिच्याकडे वळवला. मुलगी गायली, बेसूर आणि मनापासून. मग डावीकडची रांग, मग उजवीकडची. अजून उजेड होता, आणि तरी आमच्या आसपासचे बांधलेले हात सुटायला लागले.

मध्यभागी मॉश पिट, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचा घोळका, तयार झाला. भाचा तिकडे डोळे लावून बसला. २०१३ मध्ये काही अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी अशा पिटांच्या चित्रफिती तपासून दाखवलं होतं की त्यातल्या माणसांचे वेग बंद भांड्यातल्या वायूच्या रेणूंसारखे विभागलेले असतात. जवळून पाहताना रेणूंपेक्षा दुसरंच दिसतं. एक मुलगा पडला तर सहा हात खाली आले आणि तो ताबडतोब उभा झाला. भाच्याला मी कडेला उभं राहून पाहू दिलं, आत जाऊ दिलं नाही.

वर, मग अंधार, मग शांतता

सूर्य मावळल्यावर आम्ही वर जायचं ठरवलं. मला आवाज ऐकायचा होता आणि त्याचे पाय दुखत होते. बॅरिकेडपासून मी सवयीने पावलं मोजत गेले. एकशे वीस झाली, म्हणजे साधारण ९० मीटर. वर बसल्यावर गिटार आणि गाणं छान सुटं ऐकू येत होतं, फक्त झांजांची धार वाऱ्याबरोबर कमी-जास्त होई.

नववं गाणं अर्ध्यावर आलं आणि आवाज गेला. स्फोट नाही, खरखर नाही. दिवा मालवावा तसा आवाज मालवला. मंचावरचे दिवे मात्र चालू राहिले. आवाज आणि दिवे यांचा वीजपुरवठा वेगळा ठेवतात, दिव्यांच्या चढउताराची गुणगुण स्पीकरमध्ये येऊ नये म्हणून. नंतर तिथल्या एका तंत्रज्ञाने सांगितलं की आवाजाच्या बाजूचा मुख्य ब्रेकर पडला होता. स्पीकर, टॉवर, गिटार आणि बेसचे ॲम्प्लिफायर, मॉनिटर, सगळं मुकं. उरले ते ड्रम आणि गायिकेचा गळा.

ड्रमर थांबला नाही. शांततेत त्याचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, वरपर्यंत आला, लहान, कोरडा, पण स्पष्ट. लोकांनी आपसूक टाळ्या धरल्या. पहिल्या दहा-बारा सेकंदांतच त्या टाळ्यांचा चिखल झाला. पुढचे एका जागी, मधले दुसऱ्या जागी, आम्ही तिसऱ्याच. भाच्याने माझा दंड हलवला.

“आत्या, इथून सगळं उशिरा होतंय गं. त्याचा हात खाली येतो आणि आवाज नंतर.”

“मग टाळी कशावर देतोयस? हातावर की आवाजावर?”

तो विचारात पडला. “आवाजावर.”

इथे हिशेब मांडते, कारण प्रकरणाचा गाभा हाच. गाणं मिनिटाला १३२ ठोक्यांच्या आसपास होतं, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सुमारे ०.४५ सेकंद. आवाजाला आमच्यापर्यंत यायला ०.२६ सेकंद. आम्ही ऐकून टाळी दिली की ती खाली मंचावर पोचायला आणखी ०.२६. बँडच्या कानाशी आमची टाळी अर्धा सेकंद उशिरा, म्हणजे एका अख्ख्या ठोक्यापेक्षा जास्त मागे. पुढच्या रांगेची टाळी जवळपास वेळेवर, आमची पुढच्या ठोक्याच्याही नंतर, आणि मधल्यांच्या टाळ्या या दोन टोकांमध्ये सगळीकडे पसरलेल्या. यात कुणाचीही चूक नव्हती. प्रत्येक जण आपल्या जागी अचूक तालात होता.

मग ड्रमरने दोन गोष्टी केल्या. हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, सोडून दिला आणि लय निम्मी केली: जमिनीवर उभा मोठा ड्रम, म्हणजे फ्लोअर टॉम, स्नेअर, फ्लोअर टॉम, स्नेअर, मधलं सगळं गाळून. आणि प्रत्येक ठोक्याआधी काठी डोक्याच्या वर, हात पूर्ण ताणून नेऊ लागला. एरवी कुठलाही ड्रमर असा वाजवत नाही. दमछाक होते आणि वेळ सांभाळणं अवघड जातं. हे आवाजासाठी नव्हतंच, आम्हाला दिसावं म्हणून होतं.

गायिका ड्रमच्या चौथऱ्यावर चढली आणि डोक्यावर हात नेऊन त्याच लयीत टाळ्या देऊ लागली. गिटारवाला आणि बेसवाला वाद्यं उतरवून मंचाच्या दोन टोकांना गेले आणि त्यांनीही तेच सुरू केलं. दिव्यांवर बसलेल्या माणसाने प्रेक्षकांकडे वळलेले पांढरे दिवे लावले, हेही विसरता कामा नये. त्याच्यामुळे वरून आम्हाला नुसते तीन कलाकार दिसले नाहीत, तर वर उचललेल्या हातांचं अख्खं मैदान दिसलं.

आता तोच हिशेब पुन्हा. दिसायला वेळ लागत नाही. डोळ्यांनी ताल धरला की जातानाचे ०.२६ सेकंद वाचले, फक्त येतानाचे उरले. पसारा निम्मा झाला. लय निम्मी केल्यामुळे दोन ठोक्यांतलं अंतर दुप्पट, ०.९ सेकंद. आधी टाळ्या एका ठोक्याहून जास्त पसरत होत्या, आता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्या पसाऱ्याची टाळी एकच ऐकू येते. जरा जाड, पण एक.

भौतिकशास्त्रज्ञ झोल्तान नेदा आणि सहकाऱ्यांनी २००० साली नेचर मासिकात नाट्यगृहांतल्या टाळ्यांवर एक निरीक्षण मांडलं होतं: गोंधळाच्या टाळ्या एका तालात येतात तेव्हा माणसं आपला वेग जवळपास निम्म्यावर आणतात, आणि वेग पुन्हा वाढवला की ताल मोडतो. तिथे लोक आपले आपण निम्म्या लयीवर येत होते. इथे अंतराचा प्रश्न वरून जास्तीचा होता आणि ड्रमरने स्वतः त्यांना तिथे आणून ठेवलं.

भाचा उभा राहिला. त्याने मला काही विचारलं नाही, मंचाकडे नजर लावली आणि हात वर घेतले. दोन टाळ्या चुकल्या, तिसरी बसली. आमच्या ओळीतले, पुढच्या ओळीतले, सगळे उठले. खालून येणारा टाळ्यांचा आवाज आता ढगासारखा गोळा होऊन येत होता. गायिकेने गाण्याचं धृपद तोंडाशी हात धरून म्हटलं. पुढच्या रांगांना ते ऐकू आलं असेल, आम्हाला आलं नाही. आम्हाला पुढच्या रांगांनी म्हटलेलं ऐकू आलं, मग मधल्यांनी, आणि मग आम्ही. ते सगळं एका वेळी नव्हतं आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

या चार मिनिटांत कुणी पुढे ढकललं नाही, हेही मी नोंदवते. आवाज गेला की मागचे लोक ऐकायला पुढे सरकतात आणि पुढे काय चाललंय ते त्यांना कळत नाही. डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० ला पर्ल जॅम या रॉक बँडच्या कार्यक्रमात मंचासमोरच्या रेटारेटीत नऊ जणांचा जीव गेला. गर्दीतल्या मागच्या माणसाला जागेवर ठेवणं ही जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे. या बँडने त्याला जागच्या जागी काम दिलं.

वीज आल्यावर

वीज परत आली ती धक्का न देता. साउंड इंजिनिअरने सगळं बंद ठेवून आधी फक्त पायाने वाजणारा किक ड्रम आणि स्नेअर हळूहळू वर घेतले. टाळ्यांच्या खालून ड्रम मोठा होत आला. बेसवाल्याने पट्टा गळ्यात घातला, गिटारवाल्याने सूर तपासला, आणि तरीही त्यांनी घाई केली नाही. एक पूर्ण धृपद निम्म्या लयीतच वाजवलं. मग विराम आला, तोच, एका रिकाम्या मात्रेचा, जो पहिल्या गाण्यात ओस पडला होता. या वेळी त्या मात्रेत मैदानाची आरोळी होती. त्यानंतर मूळ लय आली, आणि मी, पन्नाशीची बाई, गवतावर उड्या मारत होते.

इतर कारणांचं काय?

पुढचा तासभर कार्यक्रम पहिल्या तासाशी तुलनाच नको इतका वेगळा झाला. त्याचं सगळं श्रेय त्या चार मिनिटांना द्यायचं का? अंधार पडला होता, दिव्यांचा परिणाम वाढला होता. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि वर जाणारा आवाज खाली वाकतो, त्यामुळे उतारावर जास्त आवाज पोचू लागतो. रिकाम्या मैदानावर दुपारी केलेला साउंडचेक गर्दीत उपयोगाचा राहत नाही आणि इंजिनिअरला तोल पुन्हा बसवायला अर्धा-पाऊण तास लागतोच. शिवाय लोकांना पाठ असलेली गाणी बँडने शेवटासाठी राखली होती.

ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांचा वाटा मी मान्य करते. पण अंधार, थंड हवा आणि बसलेला तोल सातव्या-आठव्या गाण्यालाही होता, आणि तेव्हा उतारावरचे लोक बसूनच ऐकत होते, समाधानाने, पण बसून. पुढच्या निम्म्या मैदानाला चौथ्या गाण्याने उठवलं होतं, उजेड असतानाच. मागच्या निम्म्याला उठवणारं काही तोवर घडलं नव्हतं, कारण गायिकेचा माइक त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. ते उठले नवव्या गाण्यात, एकही स्पीकर चालू नसताना. उघड्यावर वाजवणाऱ्या बँडने मागच्यांसाठी काहीतरी डोळ्यांना दिसेल असं पहिल्या गाण्यापासून ठेवावं, असं माझं ठाम मत झालं आहे. वीज जाण्याची वाट कशाला पाहायची?

शेवटच्या गाण्याला ड्रमरने पुन्हा काठी उंच नेली, एकदाच, पहिल्या ठोक्याआधी. खाली ठोका पडला, आणि आवाज अजून आमच्याकडे येत होता तेव्हाच वरच्या रांगांची टाळी वाजली. भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, “बरोबर पोचली असेल ना गं खाली?”

“पाव सेकंद उशिरा,” मी म्हटलं.

“मग पुढची जरा आधी देतो,” तो म्हणाला, आणि खरंच हात आधीच वर नेऊन थांबला.